एक हूक लावा, झालं नौदलाचं विमान!

परवा एका वृत्तवाहिनीवरच्या चर्चेत एका संरक्षणतज्ज्ञांनी हात झटकत सांगितलं, "हवाईदलाचं विमान तयार आहेच ना? मागे हूक लावा आणि पाठवा विमानवाहू जहाजावर. वर्षानुवर्षं कसली लागतात?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्हालाही असं तज्ज्ञ व्हायचं असेल, तर पुढील सूचना पाळा.

हूक कुठेही बसवा. जहाजाच्या डेकवर, म्हणजे वरच्या धावपट्टीवर, आडव्या ताणलेल्या तारेत तो अडकला की विमान थांबतं, एवढंच त्याचं काम. अमेरिकेच्या एफ-३५सी या नौदलाच्या लढाऊ विमानाचा हूक मुख्य चाकांच्या फार जवळ होता. चाकाखाली दबलेली तार वर उसळायच्या आत हूक तिच्यावरून पुढे जायचा. सुरुवातीच्या चाचण्यांत तो ८ पैकी ८ वेळा हुकला. त्यांनी तुम्हाला विचारायला हवं होतं.

रंग राखाडी द्या, म्हणजे खारी हवा घाबरून गंज चढवणार नाही.

चाकांचे दांडे तेच ठेवा. जमिनीवर वैमानिक शेवटच्या क्षणी नाक उचलून अलगद टेकतो. जहाजावर तेवढी चैन केली तर तार मागे राहते, म्हणून आहे त्याच उताराने विमान डेकवर आदळायचं. ब्रिटिशांनी हवाईदलाच्या स्पिटफायर विमानाचं नौदलासाठी सीफायर केलं, तेव्हा १९४३ मध्ये इटलीतल्या सालेर्नोच्या लढाईत ती डेकवरच किती मोडली, ते आठवायची गरज नाही.

वैमानिकाला डेक दिसत नाही? मान उंच करू दे.

आता वजन. वजनाची काळजी अजिबात करू नका. तार विमानाला जेमतेम शंभर मीटरमध्ये थांबवते, तो हिसका सगळ्या सांगाड्याला बसतो, म्हणून सांगाडा भक्कम करा. वजन वाढलं. मग उतरायचा वेग वाढतो, तो कमी करायला पंख मोठे करा. पुन्हा वजन. मोठे पंख विमान डेकखाली नेणाऱ्या लिफ्टमध्ये मावत नाहीत, मग बिजागरी लावून दुमडा. अजून वजन! आणि इंजिन? इंजिन तेच! हवाईदल आणि नौदल दोघांना एकच विमान देण्याच्या हट्टापायी अमेरिकेचं एफ-१११बी असंच फुगलं आणि १९६८ मध्ये गुंडाळावं लागलं. आपल्या विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर तर विमान पुढे भिरकावणारं कॅटापल्टही नाही. स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर धावायचं आणि स्की-जंपवरून, म्हणजे डेकच्या टोकाच्या चढावरून झेपावायचं. तिथे वाढलेला प्रत्येक किलो इंधनातून नाहीतर क्षेपणास्त्रांतून कापला जातो. आपल्या देशी तेजस लढाऊ विमानाच्या नौदल आवृत्तीचं घोडं इथेच अडलं. २०१६ मध्ये नौदलाने स्पष्ट सांगितलं, विमान जड आहे, आम्हाला चालणार नाही.

लगेच तुमचं सुरू, "बघा, पैसे पाण्यात!"

अहो, कसले पाण्यात? त्याच तेजसचं नाक खाली झुकवलं, दांडे नवे केले, गोव्यात किनाऱ्यावरच्या तळावर तार पकडायच्या चाचण्या घेतल्या आणि ११ जानेवारी २०२० रोजी ते विक्रमादित्यवर उतरवून दाखवलं. त्यातून शिकलेलं आता दोन इंजिनांच्या नव्या विमानाच्या आराखड्यात वापरलं जातंय. त्याला वेळ लागणारच. तार हुकली तर पुन्हा उडता यावं म्हणून चाकं टेकताच वैमानिक इंजिन पूर्ण जोरात ठेवतो, पुढे डेक संपतो आणि खाली समुद्र असतो. तिथे माणूस बसवायचाय, कळतंय का? एक पान वाचायचे कष्ट घेत नाही आणि अभियंत्यांना आळशी म्हणता. लाज वाटू द्या जरा.