निळूभाऊंना वाड्यात कोंडू नका

निळू फुले यांची पुण्यतिथी जवळ आली की एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. सार साधारण असं: हा माणूस माळी होता, योगायोगाने नट झाला, जन्मभर ‘बाई, वाड्यावर या’ छापाचा एकच पाटील करत राहिला, चेहरा आणि घोगरा आवाज मुळातच तसा असल्याने फारसा अभिनय करावा लागला नाही, हिंदीत काही जमलं नाही, पण खाजगीत मात्र देवमाणूस. खाली हात जोडलेले इमोजी. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. मजकूर मात्र माळीकामाची नोकरी सोडली तर जवळजवळ सगळा चुकीचा आहे.

आधी योगायोगाचं बघू. पुण्यात एएफएमसीच्या, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, बागेत ते माळीकाम करत होते, हे खरं. पण त्याच काळात ते राष्ट्र सेवा दल या समाजवादी संघटनेच्या कलापथकात होते, आणि कलापथक म्हणजे हौसेखातर केलेलं गॅदरिंग नव्हे. गावोगाव ट्रकने जायचं, मिळेल त्या जागेवर रंगमंच उभा करायचा, समोरच्या हजारभर माणसांना हसवता हसवता राजकारण सांगायचं. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधला रोंग्या त्यांनी तिथेच केला. पुढे शंकर पाटलांचं ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे लोकनाट्य राम नगरकरांच्या साथीने गाजवलं. १९६८ मध्ये अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मधून ते पडद्यावर आले, तेव्हा त्यांच्यामागे लोकनाट्याची वर्षानुवर्षांची तालीम होती. याला योगायोग म्हणायचं तर मग कष्ट कशाला म्हणायचं?

आता तो पाटील. ग्रामीण सिनेमात त्यांनी खलनायक पुष्कळ केले, त्यातले बरेच विसरण्याजोगे होते, हे मान्यच करावं लागेल. बाईला भर रस्त्यात अडवणारा, धोतराचा सोगा हातात धरून डोळे बारीक करणारा इसम निर्मात्यांना पुन्हा पुन्हा हवा होता आणि तो त्यांनी पुरवला. पण त्यांच्या चांगल्या कामातला सत्ताधारी हा वाड्यातला पाटील नाहीच. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचं, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचं, पद रद्द झालं होतं. त्याच वर्षी जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखाने त्याआधीच उभे राहू लागले होते. गावातली ताकद वतनातून उठून चेअरमनच्या खुर्चीत जाऊन बसली. हा बदल मराठी पडद्यावर कुणी शरीराने दाखवला असेल तर तो निळूभाऊंनी.

पुरावा म्हणून ‘सामना’ पुरेसा आहे. १९७५ चा हा चित्रपट; लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट कुणाला वाड्यावर बोलावत नाही. त्याला गरजच नाही, माणसं आपणहून येतात. दारूत बुडालेला एक बेवारस मास्तर (श्रीराम लागू) गावात येतो, तर हा त्याला घरात ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. हिंदुरावची दहशत या पाहुणचारात आहे. मास्तर जेव्हा गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न धरून बसतो, तेव्हा निळूभाऊंनी तो माणूस कसा उभा केलाय ते नीट पाहा. रागाआधी येते ती करमणूक, मग कुतूहल, मग थोडा कंटाळा, आणि बऱ्याच उशिरा भीती. आवाज चढवण्याऐवजी ते तो खाली नेतात, म्हणजे समोरच्याला कान देऊन ऐकावंच लागतं. आवाज घोगरा असणं ही देणगी असेल. तो कुठे खाली घ्यायचा, हे ठरवणं हा अभिनय.

‘एकच भूमिका’ म्हणणाऱ्यांनी मग ‘सिंहासन’ (१९७९) पाहिलाच नसावा. त्यातला दिगू टिपणीस मुंबईतला पत्रकार आहे. मुख्यमंत्र्यापासून कामगार पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांकडे त्याची ये-जा, आणि तो करतो काय, तर बघतो. धोतर नाही, धमकी नाही. पूर्ण वेळ नुसतं बघत राहून चित्रपट तोलून धरणं हे खलनायकीपेक्षा कितीतरी अवघड, असं माझं मत. रंगभूमीवर तर अंतर आणखी वाढतं. १९७२ मध्ये त्यांनी ‘सखाराम बाइंडर’ केला. टाकलेल्या बायकांना घरात ठेवणारा, शिवराळ, स्वतःच्या नियमांवर जगणारा पुस्तकबांधणीवाला. सेन्सॉरने आडकाठी केली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. आणि याच नटाने पुढे जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये भ्रष्ट काळात एकटे पडलेले वृद्ध गांधीवादी आप्पाजी उभे केले. सखाराम आणि आप्पाजी एकाच साच्यातले म्हणायचे असतील, तर तो साचा एकदा बघायला हवा.

बायका त्यांना खरोखरच्या शिव्या घालत, हा किस्सा मजकुरात ‘अभिनय नव्हताच’ याचा दाखला म्हणून येतो. तो नेमका उलट बाजूचा दाखला आहे. सेवा दलाच्या मुशीतला माणूस लोकांना दुष्ट वाटला, ही कमाई कुणाची?

हिंदीबद्दल थोडक्यात. ‘सारांश’ (१९८४) पाहा. त्यातला गजानन चित्रे हा मुंबईतला पुढारी, त्याच्या धाकात चित्रपटातलं म्हातारं जोडपं जगतं. ‘कुली’ आणि ‘मशाल’मध्येही ते होते. हिंदीत त्यांनी फार मुक्काम केला नाही एवढंच.

उरला ‘देवमाणूस’. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत उघडपणे उभ्या राहिलेल्या माणसाला निदान हे विशेषण तरी लावू नये. शिवाय या गोडव्यात त्यांचं राजकारण गायब होतं. ते समाजवादी होते आणि ते लपवत नव्हते. कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, त्यासाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग लावले गेले, तेव्हा लागूंसोबत निळूभाऊही त्यात काम करत होते. पडद्यावरचा हिंदुराव आणि निधीसाठी नाटक करणारे निळूभाऊ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. सत्ता कशी चालते हे ज्याला चळवळीत राहून कळलं होतं, त्यानेच हिंदुराव केला.