किनाऱ्याला लागलं ते कुणाचं?

आमच्या आजोळी समुद्रावर वाहून आलेला ओंडका ज्याला आधी दिसेल त्याचा. त्यावर पाय रोवून उभं राहिलं की झालं. त्याचा मूळ मालक कोण, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पडला तो हेन्री ऑक्झिंडनची हकिकत वाचताना. जून १६७४, राज्याभिषेकाचे दिवस, आणि हा इंग्रज वकील तहासाठी रायगडावर. त्याच्या मागण्यांत एक अशी: वादळात सापडून किनाऱ्याला लागलेली आमची जहाजं आणि माल परत मिळावा. महाराजांनी हरकत घेतली. उत्तराचा आशय असा, की असा माल परत देणं कोकणच्या जुन्या रिवाजात बसत नाही, आणि तुम्हाला सवलत दिली की उद्या फ्रेंच नि डचही तेच मागतील.

हे सांगितलं की एक जण म्हणतो "बघा, लूटच", दुसरा म्हणतो "इंग्रजांचा बनाव". अहो, हा रिवाज आपल्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी होता! मार्को पोलो मलबारातल्या एली नावाच्या राज्याबद्दल लिहितो, की भरकटून आलेल्या जहाजाला तिथले लोक सांगत: तुम्ही निघाला होता भलतीकडे, देवानेच तुम्हाला आमच्याकडे धाडलं, तेव्हा माल आमचा. देवाला असं साक्षीला उभं करणं मला भारीच आवडलं.

पण मला खरा मोठा वाटतो तो काकतीय घराण्याचा राजा गणपतिदेव. आंध्रच्या किनाऱ्यावर मोटुपल्लीला त्याचा १२४४-४५चा शिलालेख आहे. पूर्वीचे राजे वादळात फुटलेल्या जहाजांवरचं सोनं, हत्ती, घोडे, रत्नं बळाने घेत. आम्ही ठरलेल्या जकातीपलीकडे काही घेणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. कारण? धनाला प्राणापेक्षा मोठं मानून समुद्रावर निघालेल्यांची दया. दया असेलच, पण हिशोबही पक्का होता. मलबारातल्या कालिकत बंदराबद्दल प्रवासी इब्न बतूता तेच सांगतो: मलबारात इतरत्र फुटलेल्या जहाजाचा माल सरकारजमा होई, इथे मालकाला परत मिळे, म्हणून बंदर भरभराटलं.

त्यामुळे महाराजांचा नकार मला लूट वाटत नाही, पण गणपतिदेवाचा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. रागवा खुशाल.

आणि ऑक्झिंडनच्या मायदेशी काय होतं? १२७५च्या कायद्यानुसार जहाजावरून माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटलं, तर माल एक वर्ष एक दिवस मालकासाठी राखून ठेवायचा. कुणीच वाचलं नाही, तर राजाचा.