वांडरिंग ज्यू, काफिर लाईम आणि आमचे काका

आमच्या बागेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात दोन दिवस राडा चालला होता. सुरुवात माझ्यामुळेच झाली, म्हणून मीच लिहिते.

एका नवीन मेंबरने कुंडीतल्या वेलीचा फोटो टाकला. पानावर रुपेरी पट्टे, पान पालथं केलं की वांग्यासारखं जांभळं. "हे काय आहे?" मला कुठे दम निघतोय! लिहिलं, "वांडरिंग ज्यू. तुकडा पडला तरी रुजतं, हाकललं तरी जात नाही, नावाप्रमाणेच!" पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणाऱ्या दोन इमोजी. लाइकही भरपूर आले, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी एक कमेंट आली. "ताई, मी मूळची रेवदंड्याची, आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. हे झाड माझ्याकडेही आहे, आई लावायची. पण या नावावर असं हसू नका हं, बरं नाही वाटत."

बस, एवढंच. ना शिवी, ना भाषण. मी भाजी चिरत होते, ती तशीच राहिली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. क्रूस घेऊन चाललेल्या येशूला एका ज्यूने हिणवलं, म्हणून येशू परत येईपर्यंत त्याला वणवण भटकण्याचा शाप मिळाला, अशी युरोपातली जुनी दंतकथा आहे. तिच्यावरून झाडाला ते नाव पडलं. जर्मनमध्ये याच भटक्याला 'चिरंतन ज्यू' म्हणतात, आणि नाझींनी 1937 मध्ये म्युनिकला ज्यूद्वेषाचं जे मोठं प्रदर्शन भरवलं, त्याचं नावही तेच होतं. 'हाकललं तरी जात नाही' हा विनोद तिथे करून झालेला होता. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि मी तो कोणाला ऐकवला? अलिबाग-रेवदंड्याकडे तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेलेले हे लोक. आडनावं गावांवरून: केहीमकर, पेणकर, रोहेकर. शतकानुशतकं आपल्यात राहिले, त्यांना कोणी हाकललं नाही, याचा आपण केवढा अभिमान मिरवतो. इस्रायलला गेल्यावरही त्यांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी मासिक चालवलं. त्या बाईला युरोपातली शिवी मी मराठीत आणून दिली, तीही हसत हसत.

मी कमेंट बदलली, माफी मागितली. ती म्हणाली, "अहो माफी कसली, कटिंग पाठवता आलं असतं तर मागितलं असतं." आमच्यापुरतं तिथेच मिटलं होतं. पण ग्रुप म्हणजे ग्रुप. "आता झाडांच्या नावातही राजकारण?" "पिढ्यान्‌पिढ्या म्हणतोय, कोणाला काही झालं नाही." आणि एकाने, "मग गाझाचं काय?" रेवदंड्याच्या बाईने कुंडीतल्या वेलीखाली गाझाचा हिशेब का द्यायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

अशा तापलेल्या तव्यावर आमचे काका येऊन बसले. साताऱ्याकडचे, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी आपल्या आनंदात फोटो टाकला, "काफिर लाईमला पहिलं फळ धरलं!" (थाई करीत ज्याची पानं घालतात, ते लिंबू.) कोणीतरी लिहिलं, "काफिर म्हणजे आपणच की हो काका, मग हे आपलंच लिंबू!" काका हसले. पुढच्या दहा मिनिटांत त्यांच्या पोस्टचा स्क्रीनशॉट दुसऱ्या एका ग्रुपवर, वर ठळक अक्षरांत 'रेसिस्ट म्हातारा'.

आता या शब्दाचा प्रवास बघा. अरबी काफिर, म्हणजे न मानणारा. अरब व्यापाऱ्यांनी तो पूर्व आफ्रिकेतल्या लोकांना लावला, पोर्तुगीजांनी त्याचा 'काफ्र' केला, आणि दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या तोंडी तो काळ्या माणसाला चाबकासारखा मारायचा शब्द झाला. तरुणपणी तिथे असताना गांधीजींनीही तो वापरलाय, त्यांच्या लिखाणात आहे. 2018 मध्ये तिथल्या कोर्टाने एका बाईला या शब्दाचा पोलिसांवर भडिमार केला म्हणून तीन वर्षांची शिक्षा सुनावली, त्यातलं एक वर्ष स्थगित. लिंबाला हे नाव नेमकं कसं चिकटलं यावर मतं वेगवेगळी आहेत. पण थाई लोक त्याला 'मॅक्रूट' म्हणतात, आणि तेच म्हटल्याने करीची चव काही उतरत नाही.

"शास्त्रीय नावं कोण बदलणार?" असंही एकाने छाती ठोकून विचारलं. बदलली की! जुलै 2024 मध्ये माद्रिदला जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ जमले, मतदान झालं, 351 विरुद्ध 205. दोनशेहून जास्त नावांमधलं 'काफ्रा' काढून 'आफ्रा' करायचं ठरलं, म्हणजे फक्त आफ्रिकेचं. त्यात आपल्या पांगाऱ्याचा तिकडचा भाऊसुद्धा आहे, एरिथ्रिना काफ्रा. एक अक्षर काढलं, काम झालं. पांगारा फुलायचा थांबला नाही.

माझीही एक अडचण आहे, ती सांगून टाकते. गोव्यात गेले की मी चिकन कॅफ्रियाल सोडत नाही. ते नाव त्याच 'काफ्र'वरून, पदार्थ मोझांबिकहून पोर्तुगीजांबरोबर आलेला. आता त्याचं काय करायचं? मला उत्तर नाही. मेनूकार्डावरचं नाव आणि कोणाच्या तोंडावर फेकलेला शब्द यांत फरक आहे असं मला वाटतं. पण हेही माझ्या जिभेच्या सोयीचंच मत असू शकेल.

"शब्दांनी काय होतं" म्हणणाऱ्यांपैकी दोघे मुंबईचे, मराठी. त्यांना एकच विचारलं: कोणी 'घाटी' म्हटलं की कसं वाटतं? एकाने मेसेज पाहिला आणि गप्प बसला. दुसरा म्हणाला, "ते वेगळं." कसं वेगळं? घाटी हासुद्धा नुसता घाटावरचा माणूस, शब्दकोशात निरुपद्रवी. लागतं ते म्हणणाऱ्याच्या आवाजातलं. आणि हेच लोक ईशान्येकडच्या मुलीला 'चिंकी' आणि रिक्षावाल्याला 'ए भैया' म्हणताना मी कानांनी ऐकलेत. आपल्याच राज्य सरकारने 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचं ठरवलं, ते काय उगाच?

पण तो स्क्रीनशॉट काढणाऱ्यांवर माझा राग जास्त आहे. रेवदंड्याची बाई ज्या सुरात बोलली, त्या सुरात त्यांना काकांशी बोलता आलं असतं. काकांना 'काफिर' शब्दाचा आफ्रिकेतला अर्थ कुठून माहीत असणार? नर्सरीवाल्याने पिशवीवर जे लिहिलं, ते त्यांनी लिहिलं. जिला खरंच लागलं तिने 'ताई' म्हणून सांगितलं, आणि ज्यांना काहीच लागलं नव्हतं ते दगड घेऊन धावले. काका ग्रुप सोडून गेले. झाडांना घालायच्या जीवामृताचं कुंडीवाल्यांना झेपेल असं माप आम्हाला त्यांनीच बसवून दिलं होतं: 20 लिटरच्या बादलीला किलोभर शेण, लिटरभर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती. अॅडमिनने पोस्ट बंद केली आणि 'सकारात्मक राहूया' असं फुलांचं चित्र टाकलं. धन्य.

परवा मी काकांना फोन केला. आधी बोलेचनात, मग लिंबाच्या पानावर अळ्या पडल्यात म्हणाले. मी त्या शब्दाचं सगळं सांगितलं, त्यांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकलं. "अस्सं होय," म्हणाले, "मग आधी कोणी नीट सांगितलं नाही ते." थोड्या वेळाने म्हणाले, "पिशवीवरचं नाव खोडलं हो मी. थाई लिंबू लिहिलं. आणि ती तुमची जांभळी वेल आमच्याकडे पण आहे, तिला आमची नात 'वांगूताई' म्हणते. त्या रेवदंड्याच्या बाईंना सांगा."

सांगितलं. तिने हसऱ्या इमोजी पाठवल्या, दोन.