प्लेलिस्ट बाहेर निघते. गाणी नाही निघत

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर साधारण असा: ‘स्पॉटिफायचं प्रीमियम बंद केलं की प्लेलिस्ट पुसल्या जातात. कंपनी यादी बाहेर काढू देत नाही. त्यासाठी एखाद्या अ‍ॅपला पासवर्ड द्यावाच लागतो. मग सगळी गाणी जशीच्या तशी दुसरीकडे जातात.’ चार वाक्यं, चारही चूक. आणि वेळ सर्वांत जास्त खातं ते चौथं.

प्रीमियम थांबवलं की खातं फुकटच्या प्रकारात जातं, एवढंच. प्लेलिस्ट जागेवर राहतात. जातात ती ऑफलाइनसाठी उतरवलेली गाणी. खातंच बंद करणं हा निराळा प्रकार, आणि गल्लत तिथे होते. चुकून डिलीट झालेली प्लेलिस्टसुद्धा ९० दिवसांपर्यंत अकाउंटच्या वेब पानावरून परत आणता येते.

कंपनी यादी देत नाही? देते, फक्त मागावी लागते. ब्राउझरमध्ये लॉग-इन करून अकाउंट प्रायव्हसीच्या पानावर ‘अकाउंट डेटा’वर खूण करायची आणि मागणी पाठवायची. त्यानंतर मेल येतो. त्यातलं कन्फर्मचं बटण दाबलं नाही तर मागणी सुरूच होत नाही. ‘आठवडा झाला, काहीच आलं नाही’ असं म्हणणाऱ्यांनी आधी तो मेल शोधावा. साधारण ५ दिवसांत झिप फाइल मिळते. तिच्यातल्या प्लेलिस्टच्या जेसन (साध्या मजकुरातला डेटा) फाइलमध्ये गाणं, कलाकार, अल्बम आणि जोडल्याची तारीख असते. लाइक केलेली गाणी मात्र तिथे सापडणार नाहीत, ती ‘युअर लायब्ररी’च्या फाइलमध्ये असतात. शेजारच्या ‘एक्स्टेंडेड’ पर्यायाला ३० दिवस लागू शकतात आणि त्यातून मिळतो ऐकल्याचा इतिहास, प्लेलिस्ट नव्हे.

यूट्यूब म्युझिकची यादी गूगल टेकआउटमधून (गूगलमधला आपला डेटा उतरवून घेण्याची सोय) निघते, पण प्लेलिस्टच्या सीएसव्हीत (रकान्यांची साधी तक्ता-फाइल) व्हिडिओचा आयडी आणि तारीख एवढंच येतं, गाण्याचं नाव नाही. अ‍ॅपल म्युझिकवाल्यांना मॅकच्या म्युझिक अ‍ॅपमध्ये फाइल मेनूतल्या ‘लायब्ररी’खाली ‘एक्स्पोर्ट प्लेलिस्ट’ मिळेल.

आता पासवर्ड. एक्स्पोर्टिफायसारखं, प्लेलिस्ट सीएसव्हीत उतरवून देणारं वेब साधन तुम्हाला स्पॉटिफायच्याच पानावर पाठवतं. लॉग-इन तिथे होतं, साधनाला फक्त परवानगी मिळते. स्वतःच्या पानावर पासवर्ड मागणारं साधन दिसलं तर टॅब बंद करा. काम झाल्यावर अकाउंटच्या ‘मॅनेज अ‍ॅप्स’मधून परवानगी काढून टाका. डिस्कव्हर वीकलीसारख्या स्पॉटिफायने बनवलेल्या याद्या नोव्हेंबर २०२४ पासून नव्या अ‍ॅप्सना वाचता येत नाहीत. डेस्कटॉपवर कंट्रोल-ए दाबून सगळी गाणी स्वतःच्या नव्या प्लेलिस्टमध्ये टाकली की अडचण मिटते.

उरला चौथा दावा. फाइलमध्ये आवाज नसतोच, नावं असतात. दुसऱ्या सेवेवर ती गाणी नव्याने शोधली जातात, आणि मराठी गाण्यांची खरी गंमत इथे होते. रोमन लिपीत ‘केव्हा’ कुणी ‘व्ही’ने लिहितं, कुणी ‘डब्ल्यू’ने. कलाकाराच्या जागी कुठे गायक, कुठे संगीतकार. एकच अभंग दहा जणांनी गायलेला. यादी दुसऱ्या सेवेवर नेणारं साधन जवळचं काहीतरी उचलतं आणि ‘जुळलं’ म्हणून मोकळं होतं. न जुळलेल्या गाण्यांची यादी ते देतं. चुकीच्या जुळलेल्यांची देत नाही, कारण ती चूक त्याला कळलेलीच नसते. त्यावर उपाय म्हणजे गाण्याच्या लांबीचा रकाना. एक्स्पोर्टिफायच्या सीएसव्हीत ती मिलिसेकंदांत असते, म्हणजे २,४०,००० ची ४ मिनिटं. नव्या यादीत फरक ५ सेकंदांहून जास्त दिसला तर ते गाणं वाजवून बघा. बहुतेकदा दुसरं ध्वनिमुद्रण निघतं.

सीएसव्हीवर डबल-क्लिक केलं की एक्सेलमध्ये देवनागरीचा चुरा होऊ शकतो. तसं दिसलं तर सेव्ह न करता बंद करा. डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घेऊन ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ ही अक्षरांची सांकेतिक पद्धत निवडा.

हे सगळं खातं चालू असतानाच करायचं. रेसो हे गाण्यांचं अ‍ॅप भारतात ३१ जानेवारी २०२४ ला बंद झालं, त्याच वर्षी एअरटेलचं विंकही आवरलं. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून निघाली, तेव्हा सेवा चालू होती, गाणी नव्हती. फाइल हाती आल्यावर तिच्यातल्या ओळी मोजा आणि प्लेलिस्टवर दिसणाऱ्या आकड्याशी ताडून पाहा. संगणकावरून स्वतः जोडलेल्या फाइलींची ओळ आली तरी त्या दुसरीकडे सापडणार नाहीत. त्या मूळ फोल्डरमधूनच उचलाव्या लागतील.