तळेगाव कुणी जाळलं?

वडगाव मावळहून आत्ताच घरी आलोय. कान अजून बधिर आहेत. वडगावच्या लढाईच्या विजयदिनाचा कार्यक्रम होता. आयोजकांचं नाव घेत नाही, ओळखीतले आहेत. भिंतीएवढे स्पीकर लावले होते, त्यात वक्ते सव्वा तास गरजले. महादजी वाघ, इंग्रज शेपूट घालून पळाले, टाळ्या. पुन्हा वाघ, पुन्हा शेपूट, पुन्हा टाळ्या. १७७९ च्या जानेवारीत इथे नेमकं काय झालं, ते सव्वा तासात एकदाही आलं नाही.

मी चौथीत असताना आजोबांनी मला तळेगाव ते वडगाव चालवत आणलं होतं. मे महिना, भर दुपार आणि पाण्याची बाटली मुद्दाम घरी ठेवलेली. लढाई थंडीतली होती, पण हे त्यांना कोण सांगणार? अर्ध्या वाटेत मी रडायला लागलो, तेव्हा म्हणाले, "तुझ्यामागे घोडदळ नाहीये. चल."

त्या दुपारी मला जे कळलं ते आजच्या अख्ख्या मांडवाला कळलं नाही. राघोबादादांना पेशव्यांच्या गादीवर बसवायला मुंबईच्या इंग्रजांची फौज बोरघाट चढून वर आली. माणसं चार हजारांच्या आत आणि सामानाला एकोणीस हजार बैल! दिवसाला जेमतेम कोसभर सरकायचे. आपले लोक समोर ठाकलेच नाहीत. टोचायचं, मागे सरायचं, रसद तोडायची. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावात पोचले तर गाव जळून गेलेलं. दाणा नाही, वैरण नाही. दोन रात्री काढल्या, मग जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि अंधारात मागे फिरले. वडगावात कोंडले गेले. १६ तारखेला तह.

तर तळेगाव कुणी जाळलं? आपणच. वेळ आली तर चिंचवड आणि पुणंही पेटवायचं ठरलं होतं. ज्यांची कणगी जळली, ज्यांच्या गंजी गेल्या, त्या मावळच्या माणसांसाठी आज एक वाक्य निघालं नाही. एक नाही! ही लढाई त्यांच्या पोटावर जिंकली गेली आणि त्यांच्याच वंशजांना आपण शेपटीचे विनोद ऐकवतोय. कुणी म्हणेल, जाळलं नसतं तर पुणं गेलं असतं. बरोबर आहे, मीही तेच म्हणतो. पण मग ते सांगा ना! लपवता कशाला?

बरं, स्पीकर नसता तर एवढी पोरं आली असती का? नसती. हे मान्य. मनापासून नाही, पण मान्य.

कार्यक्रम संपल्यावर भाचीला घेऊन इष्टुर फाकड्याच्या समाधीकडे गेलो. पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. कॅप्टन स्ट्युअर्ट, कार्ल्याजवळ पडला, तहाच्या आधीच. शत्रूचा माणूस, तरी आपल्या लोकांनी त्याला 'फाकडा' म्हटलं. मानाजी शिंद्यांना जो किताब, तोच याला. त्या दिवशी आजोबांनी मला आधी इथेच आणलं होतं. घसा कोरडा पडलेला, आणि हे म्हणतात, "नमस्कार कर." मी म्हटलं, हा तर इंग्रज! म्हणाले, "लढला ना नीट? कर मग." त्यानंतर शेजारच्या टपरीवर दोन पेले पाणी पाजलं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. भाचीने आज एकच प्रश्न विचारला, "मामा, त्या बैलांचं काय झालं?" वक्त्यांना विचार म्हटलं तर ती लाजली. मलाही नीट सांगता आलं नाही. तिला एवढंच सांगितलं की मुंबईच्या इंग्रजांनी तहात साष्टीसकट १७७३ नंतर घेतलेलं सगळं परत द्यायचं कबूल केलं, आणि सुटका झाल्यावर त्यांच्या वरच्या, कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने तो तहच झिडकारला. लढाई पुढे चालूच राहिली, थेट १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत. हे ऐकून ती म्हणाली, "मग आज विजयदिन कसला?" घ्या! सव्वा तासात जे जमलं नाही ते पोरीने एका ओळीत केलं. आता तिच्याशी वाद घालत बसलोय, कारण विजय होताच. चार हजार बंदूकवाल्यांना उपाशी ठेवून शरण आणणं म्हणजे खेळ नाही.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला तळेगाव स्टेशनवर भेटा. तिथून वडगावपर्यंत चालत जाऊ, मध्ये थांबत, बोलत. स्पीकर नाही, हार नाहीत, फोटोला कुणी पाहुणे नाहीत. मावळातल्या कुणाच्या घरी त्या जळिताची काही आठवण, एखादी म्हण, काहीही सांगत आले असतील तर त्यांनी जरूर यावं, बोलायचं त्यांनीच आहे.

पाण्याच्या बाटल्या मी आणतोय. आजोबा असते तर आणू दिल्या नसत्या.