लांब्रुस्को गोड सरबत नाहीये हो, आणि टस्कनीतली तर नाहीच

इटली ट्रिपवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतोय की लांब्रुस्को म्हणजे सोडा मारलेली गोड रेड वाईन, फ्लोरेन्सला उतरून टस्कनीत प्यायची. दोन्ही चूक.

लांब्रुस्को ही फसफसणारी वाईन उत्तर इटलीतल्या एमिलियातली, म्हणजे मोदेना, रेज्जो एमिलिया, पार्मा हा पट्टा. बेस बोलोन्याला ठेवा, तिथून मोदेना ट्रेनने अर्ध्या तासाच्या आतबाहेर.

गोडाचा गैरसमज कुठून आला तर 1970-80 च्या दशकात अमेरिकेत गोड लांब्रुस्को धो धो विकली गेली, तीच डोक्यात बसली. बाटलीवर 'सेक्को' बघून घ्या, ती कोरडी, 'आमाबिले' जरा गोडसर, 'दोल्चे' गोड. सोर्बारा गावाकडची तर फिकट गुलाबी आणि चांगलीच आंबट असते, कास्तेलवेत्रोकडची ग्रास्पारोस्सा द्राक्षाची मात्र गडद जांभळी, जिभेला तुरट. आणि गॅस वरून मारत नाहीत, चांगल्या वाईनमध्ये तो बंद टाकीत किंवा बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवताना तयार होतो.

सोबत न्योक्को फ्रित्तो घ्या, तळलेल्या पिठाचं, आपल्या पुरीसारखं फुगलेलं, गरमागरम, वर मोर्तादेल्लाची (डुकराच्या मांसाचं सॉसेज) पातळ चकती ठेवली की ती लगेच मऊ पडते आणि मग वाईनचा आंबटपणा तेलकटपणा कापतो (आम्ही दोघांनी तीन प्लेट संपवल्या, लाज नाही).

पार्मिजानोचं चीज बनताना बघायचं तर सकाळी लवकर जा, दुपारी नुसती रिकामी भांडी दिसतील. वायनरीला आधी मेल टाका, आणि गाडी चालवणाऱ्याने पिऊ नका, तिथे लिमिट रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम अल्कोहोल आहे.