पायडलवर जोर दिला तर मोटरला कळलं पाहिजे

कोल्हापुरात कुणी ई-सायकल दारात आणून लावली की बघायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले. "चार्जवर किती जाती?" "केवढ्याला बसली?" आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, "पायडल मारायला लागतंय व्हय?" लागतंय म्हटलं की समोरच्याचं तोंड उतरतं. मग गाडीच घ्यायची की, कशाला हा उद्योग, असा भाव.

माझं मत बरोबर उलटं आहे. डोंगरात चालवायची ई-सायकल असेल तर पायडल मारायला लागलंच पाहिजे, आणि नुसतं मारून भागता कामा नये. किती जोरानं मारलं त्यावर मोटरनं किती द्यायचं हे ठरलं पाहिजे. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आपल्याकडं तीस-चाळीस हजारांच्या आसपास मिळणाऱ्या बहुतेक ई-सायकलींत मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये असते, हँडलला अंगठ्यानं दाबायचा थ्रॉटल असतो (दाबला की पाय न मारताही मोटर ओढते) आणि क्रँकजवळ, म्हणजे पायडलच्या दांड्यापाशी, चुंबकं बसवलेली एक छोटी चकती असते. चकती फिरली की सेन्सरला कळतं, पायडल फिरतंय. बस्स, एवढंच कळतं. याला केडन्स सेन्सर म्हणतात. तुम्ही घाम गाळताय की रिकामे पाय फिरवताय, याचं त्याला काही सोयरसुतक नाही. दोघांनाही तो तेवढंच देणार.

रंकाळ्याला चक्कर मारायला हे चालून जातं. डोंगरात जात नाही. पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठाराकडं जाणाऱ्या कच्च्या वाटेवर मी अशी एक सायकल घातली होती. पावसाळा सरत आलेला, जांभ्यावर शेवाळ. चढाला लागलो, पायडल दाबलं, काही नाही. अर्धा फेरा झाला, तरी काही नाही. मग एकदम मोटरनं होतं नव्हतं ते सगळं दिलं, मागचं चाक जागच्या जागी फिरलं आणि तांबडा चिखल पाठीवर मानेपर्यंत. पाय थांबवले तरी मोटर क्षणभर ढकलतच होती, आणि तेवढ्यात पुढचं चाक करवंदीच्या जाळीत. सोबतचा पोरगा म्हणाला, "दादा, ही सायकल तुमचं ऐकंना झालीया." नेमकं निदान होतं ते.

नंतर तीच वाट एका मित्राच्या मिड-मोटरवाल्या माउंटन बाईकवर केली. मोटर क्रँकपाशी, आत टॉर्क सेन्सर. पायडल दाबल्यावर आतल्या दांड्याला केसभर पीळ बसतो, तो पीळ हा सेन्सर मोजतो. चांगल्या मोटरींत हे सेकंदाला हजारभर वेळा चालतं. त्यामुळं पाय हलका केला की मोटर हलकी, पाय घातला की मोटर घालते. शेवाळाच्या दगडाशी आलो, दाब थोडा कमी केला, चाकानं पकड सोडली नाही. पलीकडं पुन्हा दाबलं, सायकल वर. मोटर लावलीय हे मधेच विसरायला झालं.

उसाची बैलगाडी चढाला अडली की मागनं माणसं चाकाला हात लावतात, ते आठवा. बैलांनी खांदा दिला की त्याच घटकेला रेटा द्यायचा. आधी रेटलं तर जू बैलांच्या मानेवर येतं, उशीर केला तर गाडी मागं येते. आणि बैल नुसते उभे असतील तर कुणी हात लावतच नाही. मोटरनं एवढंच शिकायचं आहे.

ही कल्पना काही आजची नाही. १९९३ साली यामाहानं जपानात 'पास' नावाची सायकल आणली, तिच्यात माणसाच्या जोराएवढाच जोर मोटरनं लावायचा, हेच सूत्र होतं. एकास एक. जपानच्या कायद्यातही ते उतरलं. २००८ च्या शेवटी त्यांनी सूट वाढवली: ताशी १० किलोमीटरपर्यंत मोटर माणसाच्या दुप्पट जोर लावू शकते, पुढं हे प्रमाण उतरत जातं आणि २४ ला शून्य. म्हणजे तिथं कायद्यालाच ठाऊक आहे की मदत ही पायाच्या प्रमाणात मोजायची गोष्ट आहे.

आपला नियम काय म्हणतो? २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ च्या आत वेग असेल तर नोंदणी, लायसन्स काही नको. पायडलच्या मदतीवर चालणाऱ्या सायकलीत वेग वाढेल तशी मदत कमी व्हावी आणि २५ ला किंवा पाय थांबल्यावर ती बंद व्हावी, एवढंही नियमात आहे. पायानं किती दाबलं याबद्दल मात्र चकार शब्द नाही. त्यामुळं बाजारात काय येणार? स्वस्तातलं येणार. चुंबकाची चकती टॉर्क सेन्सरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. एका दुकानात मी टॉर्क सेन्सरवालं मॉडेल विचारलं तर मालक हसले, "साहेब, ते मागतंय कोण? गिऱ्हाईक आधी थ्रॉटल बघतंय." खरं बोलले बिचारे. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, हे आपण हँडललाच बसवून घेतलंय.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि यावर महागड्या बाईकवालेसुद्धा गप्प असतात.

टॉर्क सेन्सर बसवला म्हणजे मेहनतीचं फळ मिळालं, असं नाही. गणित करून बघा. मोटर पायाच्या किती टक्के देते हा एक आकडा, आणि जास्तीत जास्त किती वॅट देऊ शकते हा दुसरा. जर्मनीच्या बॉश कंपनीची डोंगरातली नावाजलेली सीएक्स मोटर बरीच वर्षं ३४० टक्के आणि ६०० वॅट अशी होती. म्हणजे तुम्ही साधारण १७५ वॅट लावलेत की मोटर छताला टेकली. त्यापुढं तुम्ही कितीही दाबा, तुमचे तुमचे वॅट वाढतील, मोटरचे नाहीत. तरी १७५ वॅट ही चढाला बऱ्यापैकी मेहनत आहे, त्यामुळं तिथं छत असणं समजू शकतं. २०२४ मध्ये डीजेआय कंपनीनं, होय तीच ड्रोनवाली, अव्हिनॉक्स मोटर आणली. ८५० वॅट, आणि मदत ८०० टक्क्यांपर्यंत. भागाकार करा: शंभर वॅटच्या जरा वर. सकाळी फिरायला आल्यासारखे पाय मारले तरी सगळी मोटर तुमची. मग जीव तोडून मारणाऱ्याला जादा काय? काहीच नाही. आठपट म्हणजे लई भारी असं जाहिरातीत वाटतं, पण गुणाकार मोठा झाला की टॉर्क सेन्सरवाली बाईक हळूहळू थ्रॉटलच होत जाते, फक्त पायानं दाबायचा थ्रॉटल.

जर्मनीतल्या सायकल उद्योगाच्या संघटनेनं २०२५ मध्ये ७५० वॅट कमाल आणि एकास चार प्रमाण अशी मर्यादा सुचवली, त्यावर तिकडं बरीच गरमागरमी झाली. त्यात धंद्याचं राजकारण असेलही. पण प्रमाणावर बोट ठेवलं ते मला पटलं.

त्यातल्या त्यात शहाणपणाचं काम बॉशनंच २०१७ मध्ये केलं होतं. ई-एमटीबी नावाचा मोड काढला, त्यात मदतीचा टक्काच स्थिर नाही. हळू दाबलं तर १२० टक्के, जोर वाढवाल तसा तो वाढत वाढत ३०० पर्यंत. म्हणजे पहिल्या टप्प्यावर मोटर हात राखून असते आणि तुम्ही खरोखर अंग मोडायला लागलात की ती मोकळी होते. चढाला बटणं दाबत बसायला लागत नाही, पायच बटण. माझ्या मते डोंगरातल्या सायकलीला मोड एवढाच पुरे.

गिअरचंही तसंच. मोटरचा पीळ ८५ न्यूटन मीटर असेल तर क्रँकचे मिनिटाला ४० फेरे असताना ती फार तर ३५६ वॅट देऊ शकते. तेच ७५ फेऱ्यांना तिची पूर्ण ताकद मिळते. म्हणून जड गिअरात उभं राहून कुथणाऱ्याला मोटर अर्धीच मिळते आणि वेळेवर खालचा गिअर टाकून पाय भराभर फिरवणाऱ्याला पुरी. हे बक्षीस भौतिकशास्त्राचं आहे, कंपनीचं त्यात काही नाही. वाघबीळचा चढ जड गिअरात चढणाऱ्या आमच्या काही पैलवान मित्रांना हे सांगून उपयोग नसतो, ते सोडा.

एक अपवाद मात्र मान्य करतो. दगडाच्या पायरीवरून चढताना क्षणभर पाय फिरवताच येत नाही, पायडल दगडाला लागतं. तिथं आधी दिलेल्या जोराच्या हिशेबानं मोटरनं अर्धा क्षण जास्त ढकललं तर ते हवंच. नव्या मोटरींत तशी सोय असते. करवंदीत घालणारं ढकलणं वेगळं आणि हे वेगळं. इथं आधी दाबलेलं असतं, त्याचीच उधारी मोटर फेडते.

आता तुम्ही म्हणाल, जोरकस पायाला जास्त मदत आणि अशक्त पायाला कमी, हा कुठला न्याय? ज्याला गरज जास्त त्याला कमी? आक्षेप अगदी रास्त आहे. उत्तर मला माझ्या मावशीच्या सायकलीवर मिळालं.

मावशी साठीच्या पुढची, निवृत्त शिक्षिका, गुडघा कुरकुरतो. तिच्या जुन्या सायकलीला उद्यमनगरातल्या एका मित्रानं टोंगशेंगची टीएसडीझेड-२ नावाची २५० वॅटची मोटर बसवून दिली. चिनी किट, क्रँकच्या जागी बसतं, आत टॉर्क सेन्सर. त्याचं फर्मवेअर, म्हणजे मोटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, हौशी लोकांनी स्वतः लिहून खुलं ठेवलंय, आणि त्यात कुठल्या पायरीला किती मदत हे आपण ठरवू शकतो. मावशीनं टेंबलाई टेकडीचा चढ पुरा दम लावून चढला तरी तिचे पाय सत्तर-ऐंशी वॅटच्या पुढं जात नसणार. मग आम्ही गुणाकार असा वाढवला, की तिच्या पुऱ्या दमाला मोटरचाही पुरा दम मिळेल. माझ्यासाठी तेवढाच गुणाकार म्हणजे चैन झाली असती. तिच्यासाठी तो हिशेबात आहे, कारण छत तिच्या दमाच्या उंचीवर आहे. थ्रॉटल बसवू का विचारलं तर म्हणाली, "नको रे बाळा. बसवूनच न्यायचं असतं तर रिक्षा होती की."

तर माझं म्हणणं एवढंच: मेहनत वॅटमध्ये मोजू नका, ज्याच्या त्याच्या दमात मोजा. विशीतल्या पोराचं छत अडीचशे वॅटला ठेवा, मावशीचं पंचाहत्तरला. दोघांनाही शेवटचा थेंब पिळल्यावरच मोटरचा शेवटचा थेंब मिळाला पाहिजे. हे तंत्र हातात आहे. चांगल्या कंपन्यांच्या ॲपमध्ये मदतीचं प्रमाण आणि कमाल ताकद वेगवेगळी लावता येते. प्रमाण खाली आणि कमाल वर ठेवली की मोटर तुमच्याकडून काम करून घेते. पण दुकानातून बाईक बाहेर पडते ती सगळं वर करून, कारण टेस्ट राईडला उडी मारली की गिऱ्हाईक खूश.

ज्यांना पाय फिरवताच येत नाहीत, किंवा दिवसभर डिलिव्हरी करून पोट भरायचंय, त्यांच्या थ्रॉटलला माझा विरोध नाही. ते वाहन आहे, मी बोलतोय डोंगरातल्या हौसेच्या सायकलीबद्दल. तरी घाटाचा विचार करणाऱ्यांनी हेही बघावं: सायकल आणि माणूस मिळून १०० किलो धरले तर प्रत्येक १०० मीटर उभ्या चढाला नुसत्या उचलण्याचेच २७ वॅट-तास जातात, मोटरची गळती वेगळी. ३६० वॅट-तासाची बॅटरी एकट्या अंगठ्यावर घाटात किती पुरणार ते बघा. शिवाय हबमधल्या मोटरला सायकलचे गिअर वापरता येत नाहीत. चढाला ती संथ फिरते, तापते, आणि आत नायलॉनचे गिअर असतील तर ते त्या उष्णतेत लवकर झिजू शकतात.

दुकानात गेलात तर एक करा. सायकल स्टँडवर घ्या, मदत सुरू ठेवून पायडल हातानं अलगद फिरवा. अर्ध्या-एक फेऱ्यात चाक सुसाट सुटलं तर चकतीवालं प्रकरण आहे. मग मालकांना विचारून टेंबलाईच्या चढाला न्या, एकाच गिअरात आधी हलकं आणि मग जोरात दाबून बघा. मोटरचा आवाज दोन्ही वेळा तोच आला तर सायकल परत द्या आणि कारण सांगून द्या. चार गिऱ्हाइकांनी सांगितलं की पुढच्या खेपेला मालक टॉर्क सेन्सरवालं एखादं मॉडेल मागवतील. उद्यमनगरातला तो मित्र म्हणतो, किट आणून द्या, बसवायला अर्धा दिवस. त्याचा अर्धा दिवस म्हणजे काय ते मात्र विचारू नका.